आमच्याकडे सगळेच उभे

संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत, द्रेपुंग मठातल्या वादाच्या अंगणाशी मी चपला हातात धरून उभा आहे. हुबळीहून बसने आलोय, डोकं अजून बसच्या खडखडाटाने भणभणतंय. त्यात इथला आवाज म्हणजे दिवाळीतली लवंगी माळ, फक्त न संपणारी. टाळ्या, पाय आपटणं, ओरडणं, हसणं, सगळं एकदमच.

डोळे सरावल्यावर जोड्या दिसायला लागतात. प्रत्येक जोडीत एक जण जमिनीवर मांडी घालून बसलाय, दुसरा त्याच्यासमोर उभा. प्रश्न उभ्याने विचारायचा, उत्तर बसलेल्याने द्यायचं. उभ्याचा उजवा हात डोक्याच्या वर जातो, डावा पाय उचलला जातो आणि प्रश्नाच्या शेवटच्या शब्दाला हात डाव्या तळव्यावर आणि पाय फरशीवर एकाच क्षणी पडतात. फट्! आता उत्तर दे.

माझ्याशेजारचा तरुण भिक्षू बंगळूरच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत मला समजावतोय. मला तो ‘अंकल’ म्हणतो. समोरची दोन पोरं बारा-तेरा वर्षांची असतील. ती रंगांवर वाद करताहेत, अगदी पहिलीचा धडा.

‘‘जो जो रंग, तो तो तांबडा?’’ उभा पोरगा विचारतो.

‘‘दो,’’ बसलेला म्हणतो. म्हणजे मान्य.

‘‘मग पांढऱ्या शंखाचा रंग. तो तांबडा. कारण तो रंग आहे.’’ फट्!

बसलेला गप्प. त्याच्याकडे मोजकीच उत्तरं आहेत: मान्य, हेतू असिद्ध, व्याप्ती नाही, किंवा का? ‘हेतू असिद्ध’ म्हणावं, तर शंखाचा रंग हा रंगच नाही असं होतं. ‘व्याप्ती नाही’ म्हणावं, तर ती त्याने आत्ताच कबूल केलीय. ‘मान्य’ म्हटलं तर पांढरा तांबडा झाला. तो कान खाजवतो, छताकडे बघतो आणि शेवटी बारीक आवाजात ‘‘दो’’ म्हणतो.

‘‘त्सा!’’ उभा पोरगा किंचाळतो आणि उजव्या हाताची पालथी बाजू डाव्या तळव्यावर आपटतो. आजूबाजूची चार पोरं खिदळतात. बसलेल्याचे कान लाल होतात, पण तो उठत नाही. आपलं पहिलं ‘मान्य’ मागे घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

हेतू, व्याप्ती. कॉलेजात न्यायदर्शनाच्या पेपराला हे शब्द मी घोकले होते आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. इथे ते दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या परंपरेतून तिबेटात जाऊन, तिथून निर्वासितांबरोबर परत आलेत. मूळचा द्रेपुंग 1416 साली ल्हासाजवळ उभा राहिला. 1959 नंतर जे भिक्षू निसटले, ते आधी बंगालमधल्या बक्सा इथे राहिले आणि मग या उत्तर कन्नड जिल्ह्यात आले. येताना त्यांनी काय काय आणलं असेल नसेल, भांडायची रीत मात्र जशीच्या तशी आणली.

मी इथे का आलोय, तेही सांगून टाकतो. तत्त्वज्ञानाची आवड असणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. सभासद 214. सोमवारी कुणी शंकराचार्यांच्या मायावादावर प्रश्न टाकला, की मंगळवारी निवृत्त प्राचार्य बावीस ओळींचं उत्तर देतात, बुधवारी विषय आरक्षणावर येतो आणि गुरुवारी कुणाच्या तरी वडिलांच्या नोकरीवर. फॉरवर्ड नको, सुप्रभात नको, राजकारण नको, भाषा सभ्य ठेवा, असे नियम मी केले. दोन वर्षांत अकरा जणांना काढलं. ग्रुप शांत झाला. चर्चा सुधारली नाही.

इथे सभ्यपणा शोधून सापडत नाही. पलीकडे पाच-सहा दांडगे भिक्षू एका बसलेल्याला गराडा घालून एकदम ओरडताहेत. एकाने माळ दंडावर चढवलीय, दुसरा पहिल्याला कोपराने ढकलून पुढे घुसतोय. अंगणातून गेको फिरतो. गेको म्हणजे शिस्त राखणारा भिक्षू, आपल्या भाषेत ॲडमिन. मी त्याच्याकडेच टक लावून बघतोय. अर्ध्या तासात त्याने एकदाही कुणाचा मुद्दा बरोबर की चूक हे सांगितलेलं नाही. खांबाला टेकून गप्पा मारणाऱ्या दोघांना त्याने नुसत्या नजरेने उठवलं, एवढंच. बाकीचं काम तो बसलेला माणूस आणि त्याची मोजकी उत्तरं करताहेत.

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याची 22 निग्रहस्थानं दिली आहेत. त्यातलं एक ‘अर्थान्तर’: विषय सोडून भलतंच बोलणं. एक ‘पुनरुक्त’. आणि एक माझं लाडकं, ‘विक्षेप’: अडचणीत आलं की ‘मला जरा काम आहे’ म्हणून वादातून निघून जाणं. ‘मी हा ग्रुप सोडत आहे’ या वाक्याला इतकं जुनं नाव असेल असं वाटलं नव्हतं.

एक शंका मात्र मनातून जात नाही. या सगळ्यांनी पाठ केलेले ग्रंथ तेच, गुरूही तेच. घरातल्या घरात नियम पाळणं सोपं. मी भिक्षूला विचारतो, ‘‘पुनर्जन्मच नाही असं कुणी म्हणालं तर?’’

तो हसतो. ‘‘म्हणतात ना, अंकल. कुणाला तरी चार्वाक व्हावंच लागतं. परवा मी होतो.’’

‘‘मग? हरलात?’’

‘‘रात्री अकरापर्यंत नाही हरलो.’’

उत्तर मला पुरतं पटत नाही. चार्वाक होऊन रात्री अकराला पुन्हा भिक्षू होणं वेगळं आणि खरा चार्वाक दारात येणं वेगळं. पण माझ्या ग्रुपात प्राचार्यांनी एकदा तरी उलट बाजू घेतलीय का, हे आठवून बघतो. नाही. मीही घेतलेली नाही.

समोर पोरांची अदलाबदल झालीय. मघाचा लाल कानांचा पोरगा आता उभा आहे आणि ‘त्सा’ म्हणणारा खाली मांडी घालतोय. उभ्याने शाल खांद्यावर सारखी केली, ‘धीः’ अशी आरोळी दिली (मंजुश्रीचं बीजाक्षर, वादाची सुरुवात यानेच) आणि हात वर नेला. मघाच्या अपमानाची सव्याज फेड चाललीय. बसलेला मान खाली घालून नीट ऐकतोय, कारण पुढचं वाक्य त्याला उत्तरायचंय.

आमच्याकडे असं ऐकायला कुणी बसलेलंच नसतं. 214 जण, आणि सगळे उभे.

गेको माझ्याजवळून जाताना माझ्या हातातल्या चपलांकडे बघतो, काही बोलत नाही. मी फोन काढतो. न वाचलेले मेसेज 143. ते न उघडता खाली टाईप करतो:

‘येत्या रविवारपासून दर आठवड्याला एक जण बसेल. तो एकच विधान मांडेल. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, प्रश्न दोन ओळींचा. उत्तर मान्य, अमान्य किंवा का, एवढंच. पहिल्या रविवारी मी बसतोय. रात्री नऊ वाजता या.’