यूपीआय: २,००१ कोटी व्यवहार आणि आठ पैसे

ऑगस्ट २०२५मध्ये देशात यूपीआयवरून २,००१ कोटी व्यवहार झाले. महिन्याचा आकडा दोन हजार कोटींवर जाण्याची ही पहिलीच वेळ. सेकंदाला ७,४७१ व्यवहार. ऑगस्ट २०२४मध्ये हा आकडा १,४९६ कोटी होता, म्हणजे वर्षभरात वाढ ३४ टक्के. बहुतेक बातम्या इथेच थांबल्या. त्याच महिन्यात या व्यवहारांतून फिरलेली रक्कम २०.६१ लाख कोटींवरून २४.८५ लाख कोटी रुपयांवर गेली. ही वाढ २१ टक्के. यूपीआयचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद या दोन टक्केवाऱ्यांमधल्या अंतरातून निघतो.

रकमेला संख्येने भागले की सरासरी व्यवहार मिळतो. २०२१-२२मध्ये तो १,८३१ रुपयांचा होता. पुढच्या वर्षी १,६६१, मग १,५२५ आणि २०२४-२५मध्ये १,४०२. ऑगस्ट २०२५मध्ये १,२४२. या काळात एकूण महागाई वाढतच होती, तरी व्यवहार लहान होत गेला. आधी घरभाडे आणि उसने पैसे यूपीआयवर आले, कोथिंबिरीची जुडी आणि रिक्षाचे भाडे नंतर आले, एवढाच याचा अर्थ.

फोड केली की चित्र आणखी स्पष्ट होते. एकूण व्यवहारांपैकी सुमारे ६२ टक्के व्यवहार ग्राहकाकडून दुकानदाराकडे जातात, पण रकमेत त्यांचा वाटा चौथ्या हिश्शाच्या थोडा वर आहे. या दुकानी व्यवहारांतले सुमारे ८६ टक्के ५०० रुपयांच्या आतले. दोन हजारांवरचे जेमतेम ४ टक्के, आणि दुकानी रकमेचा दोन तृतीयांश भाग मात्र त्या ४ टक्क्यांत.

दादरला स्टेशनबाहेर मी ज्या गाडीवर वडापाव खातो, तिथे दोन वडापावचे ४० रुपये होतात. स्कॅन केले की तिखटाच्या डब्याला टेकवून ठेवलेला साउंडबॉक्स ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ म्हणतो आणि गाडीवाले काका कढईवरची नजर न हलवता मान डोलावतात. तेवढ्या वेळात माझे अ‍ॅप, माझी बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा, काकांची बँक आणि काकांचे अ‍ॅप यांच्यात निरोपांची देवाणघेवाण झालेली असते. काकांकडून या सेवेचे शून्य रुपये घेतले जातात, माझ्याकडूनही शून्य. सरकारच्या २०२४-२५च्या प्रोत्साहन योजनेत लहान दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के दिले जात होते. चाळीस रुपयांवर ते सहा पैसे होतात. सहा पैशांत ही सगळी मंडळी वाटेकरी. एचडीएफसी बँकेने २५ जून २०२४पासून १०० रुपयांखालच्या यूपीआय खर्चाचे आणि ५०० रुपयांखालच्या जमेचे एसएमएस बंद केले, ते या हिशेबाशी ताडून पाहावे.

फुकट या शब्दालाही एक तळटीप लागते. साउंडबॉक्सचे भाडे महिन्याला साधारण १०० ते १२५ रुपये असते. गाडीवर महिन्याला ६०,००० रुपये यूपीआयने आले असे धरले, तर सरकारी ०.१५ टक्के होतात ९० रुपये. म्हणजे पैसे आल्याची आरोळी ऐकायला काका जे मोजतात, ते पैसे आणून देण्याच्या मोबदल्याहून जास्त आहे.

हे शून्य कायद्यातून आले. व्यवहार पार पाडण्याबद्दल दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काला एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०२०पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर ते शून्य केले गेले. भरपाई म्हणून सरकारने प्रोत्साहन रक्कम सुरू केली. यूपीआयच्या वाट्याला २०२१-२२मध्ये ९५७ कोटी आले, २०२२-२३मध्ये १,८०२ कोटी, २०२३-२४मध्ये ३,२६८ कोटी. मार्च २०२५मध्ये मंत्रिमंडळाने २०२४-२५साठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. आता भागाकार करू. यूपीआयवरच्या सगळ्या व्यवहारांवर ही रक्कम पसरली तर पहिल्या वर्षी प्रत्येक व्यवहारामागे २१ पैसे येतात, दुसऱ्या वर्षी साडेएकवीस, तिसऱ्या वर्षी २५ आणि २०२४-२५मध्ये आठ. त्या वर्षी व्यवहार १३,११३ कोटींवरून १८,५८७ कोटी झाले, म्हणजे ४२ टक्के वाढले, आणि अनुदान ५४ टक्क्यांनी घटले. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तर सुरुवातीची तरतूद ४३७ कोटींची होती, तीही रुपेसह.

खर्च किती, यावर दोन आकडे उपलब्ध आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२च्या चर्चापत्रात ८०० रुपयांच्या दुकानी व्यवहारामागे सर्व घटकांचा मिळून दोन रुपये खर्च धरला होता. २०२४-२५च्या सुमारे ११,५०० कोटी दुकानी व्यवहारांना तोच दर लावला तर २३,००० कोटी होतात. उद्योगाची संघटना असलेल्या पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडियाने मार्च २०२५मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले, त्यात वार्षिक गरज १०,००० कोटींची सांगितली. दोन आकड्यांत दुपटीहून मोठी तफावत आहे, आणि पैसे मागणाऱ्याचा आकडाच लहान आहे हे विशेष. संख्या वाढली की प्रतिव्यवहार खर्च उतरतो, त्यामुळे मी दुसरा आकडा जवळचा मानतो. तो घेतला तरी १,५०० कोटी म्हणजे गरजेच्या १५ टक्के.

त्याच पत्रात मोठ्या दुकानदारांवर ०.३ टक्के शुल्काची मागणी होती. तुलनेसाठी, रुपे सोडून इतर डेबिट कार्डांवर मोठ्या दुकानदाराला ०.९ टक्क्यांपर्यंत शुल्क लागू शकते. अर्थ मंत्रालयाने ११ जून २०२५ रोजी यूपीआयवर शुल्क येणार असल्याच्या बातम्या निराधार ठरवल्या. ऑगस्ट २०२२मध्येही चर्चापत्रानंतर काही दिवसांत असाच खुलासा आला होता.

मला ही मागणी आकड्यांवर पटते. २०२४-२५मध्ये यूपीआयवरून २६०.५७ लाख कोटी रुपये फिरले. दुकानी हिस्सा चौथा धरला तर ६५ लाख कोटी, त्यातले दोन हजारांवरचे सुमारे ४३ लाख कोटी. त्यावर ०.३ टक्के म्हणजे जवळपास १३,००० कोटी. लहान दुकाने वगळल्यावर आकडा खाली येईल, पण दुकानी व्यवहारांतल्या शंभरांपैकी ९६ना हात न लावता बहुतेक खर्च निघू शकतो. अडचण वेगळीच येईल. तीन हजारांच्या बिलाला दुकानदार म्हणेल, ‘दीड-दीड हजाराचे दोनदा मारा ना साहेब.’ दोन हजारांची रेघ ओढली की सरासरी व्यवहार आणखी लहान होणार, आणि संख्येचा विक्रम आणखी मोठा.

काही आकडे या चौकटीत बसत नाहीत. जुलै २०२५मध्ये दुकानी व्यवहारांच्या प्रकारांत संख्येने किराणा पुढे होता. रकमेत मात्र पहिला क्रमांक कर्जवसुलीचा. ९३,८५७ कोटी रुपये, १६.१ कोटी व्यवहारांतून, म्हणजे सरासरी ५,८३० रुपयांचा हप्ता. त्याच महिन्यात राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, वाटा ९.८ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरच्या कर्नाटकचा ५.५.

यंत्रणेवरचा भारही केवळ देवघेवीचा नाही. १ ऑगस्ट २०२५पासून खात्यातली शिल्लक एका अ‍ॅपवर दिवसात ५० वेळाच तपासता येते. मर्यादा ५०ची ठेवावी लागली, यावरून काय ते समजावे. १२ एप्रिल २०२५ला यूपीआय काही तास अडखळले, तेव्हाही कारण पैसे पाठवणे नव्हते. बँका ‘त्या व्यवहाराचे काय झाले’ असे पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

बाजारपेठ दोन नावांत सामावते. ऑगस्ट २०२५मध्ये फोनपे आणि गुगल पे यांच्याकडे मिळून ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार होते. कोणत्याही अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांवर नको, असा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२०मध्ये केला. अंमलाची मुदत आधी २०२२अखेर, मग २०२४अखेर आणि आता ३१ डिसेंबर २०२६. शून्य कमाईच्या धंद्यात तिसरा कोण उतरणार, हे नियमात लिहिलेले नाही.

रोकडही कमी झालेली नाही. नोटाबंदीच्या आधी पावणेअठरा लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२५अखेर ३६.८६ लाख कोटींच्या, वर्षभरात सहा टक्के अधिक.

त्या नोटांकडे परतण्याचे एक कारण जुलै २०२५मध्ये कर्नाटकात दिसले. तिथल्या व्यावसायिक कर विभागाने यूपीआयवरच्या जमेवरून उलाढाल काढून सुमारे ६,००० व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. नोंदणीची मर्यादा मालाला वर्षाला ४० लाख, सेवेला २० लाख. वीस लाख म्हणजे दिवसाला ५,४७९ रुपये, म्हणजे ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ १३७ वेळा. बेंगळुरूतल्या कित्येक टपऱ्यांनी त्या महिन्यात क्यूआर कोड काढून ठेवला आणि त्या जागी ‘फक्त रोख’ असा कागद चिकटवला.