रविवार नसलेली शाळा

रविवारी सकाळी मुलाला भेटायला वेदपाठशाळेत आलेल्या आईवडिलांची पहिल्या खेपेला हमखास फजिती होते. एसटीचा प्रवास करून, हातात लाडवांचा डबा घेऊन ती दारात येतात, तर आतून पंधरा-वीस पोरांचा एकसुरी आवाज. ‘रविवार ना आज?’ असं विचारलं की एखादा थोरला विद्यार्थी सांगतो, ‘आज पंचमी.’ म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत ओटीवर बसा. दुसऱ्या खेपेपासून ही मंडळी निघण्याआधी कालनिर्णय बघायला शिकतात, आणि तेही लाल आकडा नव्हे, त्याखालची बारीक अक्षरं.

पाठशाळेत आठवडा चालत नाही, पक्ष चालतो. द्वितीयेला संथा सुरू होते ती सप्तमीपर्यंत, सलग सहा दिवस. अष्टमीला खंड. नवमी ते त्रयोदशी पुन्हा पाच दिवस, आणि मग चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि प्रतिपदा असे तीन दिवस ओळीनं मोकळे. या सुटीला सुटी म्हणत नाहीत, अनध्याय म्हणतात. महिन्याला असे आठ अनध्याय. आपल्या चार-पाच रविवारांच्या मानानं हिशेब वाईट नाही. अष्टमीचा क्षय झाला की पोरांची तोंडं उतरतात, अमावास्येची वृद्धी झाली की चार दिवसांची चैन. पंचांग इतक्या आवडीनं वाचणारी दहा वर्षांची मुलं दुसरीकडे क्वचितच सापडतील.

आपला रविवार नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून 10 जून 1890 रोजी पदरात पाडून घेतला. पाठशाळेची सुटी कुणी मागून घेतलेली नाही. ती मनाई आहे. त्या दिवशी वेद म्हणायचा नाही, म्हटला तर विद्या क्षीण होते, असा समज. वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडात लंकेहून परतलेला हनुमान सीतेच्या कृशपणाला हीच उपमा देतो: प्रतिपदेला पाठ करणाऱ्याच्या विद्येसारखी ती रोडावली आहे. ऐकणारी सगळी वानरं. त्यांनाही पाठशाळेचं वेळापत्रक ठाऊक असणार, असं कवीनं गृहीत धरलेलं दिसतं.

याज्ञवल्क्यस्मृतीत याखेरीज तात्कालिक अनध्यायांची सदतीस कारणं दिली आहेत. कुत्रा भुंकला, कोल्हा, गाढव किंवा घुबड ओरडलं, धुळीचं वादळ उठलं, धुकं पडलं, घरी कुणी शिष्ट पाहुणा आला, की पाठ थांबवायचा. धावताना म्हणायचा नाही, नावेत नाही, झाडावर नाही, उंटावर तर नाहीच. झाडावर बसून ऋचा म्हणणारा कुणी वांड विद्यार्थी होऊन गेल्याशिवाय हा नियम झाला नसणार. याच यादीत, प्रेत आणि स्मशान यांच्या पंगतीला, शूद्र जवळ असणं हेही एक कारण आहे. गाढवाच्या ओरडण्यावर हसत पुढं निघालेला वाचक तिथं थबकतो. पाठशाळेचं दार कुणाला बंद होतं, हे वेगळं सांगायला नको. वेदोक्त प्रकरणाचे चटके सोसलेल्या शाहू महाराजांनी 1920 साली कोल्हापुरात मराठा पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक विद्यालय काढलं. साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात मुलींनी वेद म्हटले. दार किलकिलं झालं ते असं, बाहेरून कुणी रेटल्यावर.

आत मात्र पहाटे साडेचार-पाचला एकच गडबड असते ती आंघोळीची. गार पाणी, ओला पंचा, संध्या, सूर्यनमस्कार, आणि उजाडता उजाडता पोरं गुरुजींसमोर बसतात. नवी संथा ही फार साधी आणि फार कठोर गोष्ट आहे. गुरुजी ऋचेचा एक चरण एकदा म्हणतात, मुलं दोनदा. मग चरण जुळवून अर्धी ऋचा, मग पुरी ऋचा, मग अख्खा वर्ग. ऋग्वेदाची संहिता आठ अष्टकांत आणि चौसष्ट अध्यायांत विभागलेली आहे. वर्ग दोन हजारांच्या वर, ऋचा साडेदहा हजारांच्या आसपास. दहाव्या वर्षी हा आकडा कुणी सांगत नाही, हे बरंच आहे. मुलाला आजचा वर्ग तेवढा दिसतो, आणि संध्याकाळी तो बिनचूक म्हणून दाखवायचा, एवढं कळतं.

बिनचूक म्हणजे अक्षरांपुरतं नव्हे, स्वरांसकट. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांतला एक घसरला की गुरुजींचा हात वर होतो आणि गाडी मागल्या स्टेशनात. वृत्राच्या बापाची गोष्ट इथं प्रत्येक पोराला ठाऊक असते: त्यानं यज्ञात ‘इंद्राचा शत्रू’ मागितला, पण स्वर चुकला, समास फिरला, आणि ज्याला इंद्र मारील असा मुलगा जन्मला. शुक्ल यजुर्वेदाच्या मुलांचा उजवा हात स्वराबरोबर वर-खाली-आडवा फिरत असतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की माश्या हाकलताहेत.

संहिता झाली की पदपाठ, मग क्रम: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं. जटेत पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. घनात तीन पदं पुढं-मागं, मागं-पुढं अशी फिरतात की एका फेरीत तेरा पदं तोंडातून जातात. ही कसरत हौसेची नाही. एकच मजकूर इतक्या वाटांनी पाठ असला की एखादं अक्षर गळायला फटच राहत नाही. एका वाटेवर चुकलं तर दुसरी वाट बोंब मारते. शंकर पांडुरंग पंडित यांनी अथर्ववेदाची आवृत्ती तयार केली, ती 1895 पासून मुंबईत छापून निघाली. तिच्यासाठी त्यांनी हस्तलिखितांच्या जोडीला वैदिकांचं तोंडी पठणही प्रमाण धरलं, म्हणजे जिवंत माणसाचा गळा पोथीच्या बरोबरीला बसवला. कागदाला वाळवी लागते, गळ्याला फार तर पडसं.

अनध्यायाच्या दिवशी हे सारं बंद, आणि पाठशाळा एकदम चाळीसारखी वाजू लागते. दोरीवर धोतरं-पंचे वाळत पडतात, कपाटं आवरली जातात, घरी फोन होतात. दुपारी मागच्या मोकळ्या जागेत धोतराचा काचा मारून क्रिकेट. शेंडीची गाठ सुटून डोळ्यांवर आली की बाद नाही, असा स्थानिक नियम कुठं असला तर नवल वाटू नये. केस कापायचं तेवढं जमत नाही. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथी क्षौरालाही वर्ज्य. सुटी आहे तेव्हा न्हावी नाही आणि न्हावी आहे तेव्हा संथा. अगदी रिकामं मात्र कुणी बसत नाही, कारण शास्त्रकारांनी पळवाट ठेवलीय ती गुरुजींच्या सोयीची: अनध्याय वेदाला आहे, वेदांगांना नाही. तेव्हा व्याकरणाची सूत्रं चालतात, स्तोत्रं चालतात, पूजेचे प्रयोग चालतात. घरची आठवणही याच दिवशी येते. कामाच्या दिवशी आठ वर्षांच्या पोराला रडायला सवड नसते. पौर्णिमेच्या संध्याकाळी एखादा खांबाला टेकून गप्प बसलेला दिसतो, आणि थोरल्यांपैकी कुणी तरी काही न बोलता त्याच्यापुढं कॅरमची सोंगटी सरकवतो.

आता जेवण पाठशाळेतच असतं: आमटी-भात, पोळी-भाजी, कांदा-लसूण नाही, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. त्या खिचडीची वाट दशमीच्या रात्रीपासून बघितली जाते. पूर्वी गुरूच्या घरी राहायला जागा मिळे, जेवणाचं ज्यानं त्यानं बघायचं. कुणी झोळी घेऊन माधुकरी मागे, कुणी वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं धरायची. म्हणजे वैदिक विद्यार्थ्याचं डोकं तिथीवर चाले आणि पोट वारावर. सोमवारच्या घरी बाईंचा उपास असला तर दुपारचं पान संध्याकाळवर जाई, एखादा वार लागलाच नाही तर तो दिवस पाण्यावर. या पद्धतीचं आपल्याकडे बरंच कौतुक झालं आहे, आणि सात घरांनी एक मूल जगवावं हे कौतुकाचंच. पण जेवणाऱ्या पोराला रोज वेगळ्या उंबऱ्यावर ओशाळं होऊन उभं राहावं लागे. ते बघता पाठशाळेनं स्वतःचा मुदपाकखाना घातला, ही सुधारणा मला पाठांतराच्या कुठल्याही विक्रमाहून मोठी वाटते.

पूर्ण दशग्रंथ व्हायला दहा-बारा वर्षं लागतात: संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि पुढं शिक्षा, कल्प, अष्टाध्यायी, निघंटू, निरुक्त, छंद, ज्योतिष. यांतल्या निरुक्तात, वेद पाठ करून अर्थ न जाणणारा म्हणजे निव्वळ ओझं वाहणारा खांब, असं स्पष्ट बजावलेलं आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाणं म्हटल्यासारखं म्हणणारा, घाई करणारा, मान हलवणारा, लिहिलेलं वाचून म्हणणारा, अर्थ न कळणारा आणि बारीक आवाजाचा. गंमत अशी की ही दोन्ही ठिकाणं विद्यार्थी खणखणीत आवाजात, स्वच्छ, एकही मात्रा न चुकवता म्हणतो; आणि बहुतेक वेळा अर्थ न कळता. वैदिक आणि शास्त्री ही दोन माणसं आपल्याकडे वेगळी पडली ती अशी. अर्थाच्या बाजूला झुकलेली पाठशाळा काय करू शकते, हे बघायचं तर वाईला जावं. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले, 1917 साली विनोबा काही महिने उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं वाचायला राहिले. लक्ष्मणशास्त्री पुढं अस्पृश्यतेच्या वादात गांधींच्या बाजूनं शास्त्राधार घेऊन उभे राहिले, आणि वाईतच मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले.

युनेस्कोनं 2003 साली वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवलं. पाठशाळेच्या रोजच्या दिवसात त्यानं फरक पडला नाही. पडला तो परीक्षांनी. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी प्रतिष्ठानाच्या अभ्यासक्रमात आता वेदाच्या जोडीला इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आहे. मुलाला पुढं भिक्षुकी करायची नसेल तर दुसरी वाट मोकळी राहावी, हा हेतू चांगलाच. पण गणिताचे शिक्षक बाहेरून येतात, त्यांची सोय वारावर. मग कधी त्रयोदशीला संथा अर्ध्यात सोडून अपूर्णांक, आणि कधी अमावास्येला क्रिकेट सोडून अपूर्णांक. पोरांच्या दृष्टीनं दुसरं जास्त वाईट.

पंचमीच्या त्या रविवारी जेवणाची घंटा होते आणि मुलगा ओटीवर येतो. डबा उघडतो, दोन लाडू खातो, तिसरा उपरण्यात बांधून घेतो. निघताना आई विचारते, पुन्हा कधी येऊ. तो बोटांच्या पेरांवर मोजतो आणि सांगतो, ‘बुधवारी या. अष्टमी आहे, दिवसभर बसता येईल.’

‘बुधवारी बाबांना रजा कुठली रे?’

तो पुन्हा पेरं मोजायला लागतो. रविवारी पडणारी पुढची अष्टमी त्याला सापडायच्या आत आतून हाक येते.