खोट्या शिफारशींचा सुळसुळाट

एखाद्या मराठी संकेतस्थळावर मधुमेहाच्या पथ्याविषयी पूर्वी कधी तरी झालेली चर्चा, जिच्यात डॉक्टरांनी, रुग्णांनी आणि घरोघरी नाचणी-ज्वारीचे प्रयोग करणाऱ्या गृहिणींनी आपापले अनुभव मनापासून नोंदवून ठेवले आहेत, ती आज कोणी गरजू वाचक वाचीत वाचीत तळाशी आला, म्हणजे तेथे त्याला पुष्कळदा एक अनोळखी आयडी आढळतो. ‘फारच उपयुक्त माहिती, धन्यवाद’ असे मोघम वाक्य, आणि त्याखाली परदेशी ऑनलाइन जुगाराचा, झटपट कर्जाचा किंवा शक्तिवर्धक गोळ्यांचा दुवा. हा दुवा उघडणार तरी कोण, असे वाचकाला साहजिकच वाटते. वस्तुस्थिती अशी आहे, की तो कोणी उघडावा अशी लिहिणाराची बहुधा अपेक्षाच नसते. तो मजकूर माणसाकरिता लिहिलेला नसून शोधयंत्राकरिता लिहिलेला असतो, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून या उपद्रवाचा बंदोबस्त कसा करावा हे उमगत नाही.

1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जी पद्धत मांडली व जिच्या पायावर पुढे गूगल उभे राहिले, तिचे मूळ तत्त्व विद्वानांच्या व्यवहारातून आलेले होते. ज्या शोधनिबंधाचा हवाला इतर अभ्यासक वारंवार देतात तो निबंध महत्त्वाचा, ही ज्ञानक्षेत्रातील जुनी रीत होय. यूजीन गारफील्ड यांनी 1964 पासून विज्ञानातील अशा हवाल्यांची सूचीच प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. पेज आणि ब्रिन यांनी हेच माप इंटरनेटच्या पानांना लावले. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणारे पान स्वतः जितके मान्यवर तितके तिचे वजन अधिक, असा तो हिशेब होता. दुवा देणारा मनुष्य तो स्वखुशीने आणि वाचकाच्या हितासाठी देतो, हे गृहीत त्यामागे होते. ते गृहीत त्या काळी बव्हंशी खरेही होते. परंतु शोधाच्या यादीत वर येणे म्हणजे गिऱ्हाईक मिळणे, हे व्यापाऱ्यांना कळून येताच शिफारशीला पैशाचे मोल आले आणि बनावट शिफारशींचा धंदा सुरू झाला.

या धंद्याला चर्चास्थळे सर्वांत सोयीची. तेथे कोणीही नाव नोंदवून लिहू शकतो, आणि वर्षानुवर्षे साचलेल्या अस्सल लेखनामुळे त्या पानांना शोधयंत्राच्या दरबारी पत असते. खाती उघडणे, मजकूर टाकणे, निघून जाणे ही सगळी कामे करणारी सॉफ्टवेअरे तयार झाली. ती धूर्तही होत गेली. कधी दुवा प्रतिसादात न घालता सदस्याच्या ओळखपानावर ठेवला जातो, जेथे कोणी सहसा डोकावत नाही. कधी त्याच धाग्यातील दुसऱ्या कुणाचे वाक्य उचलून पुन्हा लिहिले जाते, म्हणजे ते विषयाला धरून वाटावे. तर कधी एखादा आयडी काही काळ सभ्यपणे वावरतो आणि सर्वांचे लक्ष उडाल्यावर आपल्याच जुन्या प्रतिसादात संपादनाच्या सवलतीने दुवा घुसडतो. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो उघडकीस आला म्हणजे समूहाचा नवागतांवरील विश्वासच ढळतो.

जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधसेवेने मिळून एक तोडगा काढला. ज्या दुव्यापुढे ‘नोफॉलो’ असा संकेत असेल तो शिफारस म्हणून मोजला जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी 2007 मध्ये आपल्या सर्व बाह्य दुव्यांना तो संकेत जोडला. त्यायोगे प्रामाणिक शिफारशीचेही वजन गेले, अशी तक्रार तेव्हा झाली आणि ती निराधार नव्हती; चोराला अटकाव करण्यासाठी सज्जनाची साक्षही रद्द ठरवणे हा न्याय अपुराच होय. शिवाय उपद्रव थांबला नाही तो नाहीच. यंत्राकरवी लाखो ठिकाणी दुवे पेरणाराला एकेका ठिकाणी तो संकेत आहे की नाही हे पाहण्याची तसदी घेण्याचे कारण नसते. पेरणीला खर्चच जवळजवळ येत नाही. पुढे 2019 मध्ये गूगलने वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातील दुव्यांसाठी वेगळा संकेत दिला, आणि ‘नोफॉलो’ हा आपण हुकूम म्हणून न मानता केवळ सूचना म्हणून मानू, असेही जाहीर केले.

वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारे ‘कॅप्चा’ हे दुसरे साधन. यंत्राला ते सुटत नसे तेव्हा माणसे कामाला लावली गेली: 2010 च्या सुमारास अशी हजार कोडी सोडवून घेण्याचा बाजारभाव एका डॉलरच्या आसपास होता, आणि ती सोडवणारांत भारत, बांगलादेश व चीन येथील अल्प मजुरीवर राबणारे लोक होते. ज्याला दृष्टी नाही अशा वाचकाला मात्र तीच अक्षरे दाराबाहेर उभे करीत.

एप्रिल 2012 मध्ये मात्र पारडे फिरले. गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल अमलात आणला आणि ज्यांच्या नावे बनावट दुव्यांचा ढीग आढळला त्यांना शोधाच्या यादीत खाली ढकलले. त्यानंतर एक विलक्षण प्रकार घडला. ज्या व्यापाऱ्यांसाठी पूर्वी हे दुवे पेरले गेले होते, त्यांच्याकडूनच चर्चास्थळांच्या चालकांकडे विनंतीअर्ज येऊ लागले, की आमचे दुवे कृपा करून काढून टाका. काहींचा सूर विनवणीचा, काहींचा चक्क कायदेशीर धमकीचा. विनावेतन काम करणाऱ्या चालकाने आधी कचरा सोसावा आणि मग ज्यांनी तो टाकला त्यांच्याच सोयीसाठी तो शोधून उचलावा, हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होता. त्या वर्षी ऑक्टोबरात गूगलने असे दुवे नाकारण्याची सोय त्या व्यापाऱ्यांना स्वतःलाच करून दिली, तेव्हा हा ताप काहीसा कमी झाला.

माझ्या मते खरा इलाज विश्वास हळूहळू देण्यात आहे. 2013 साली आलेल्या ‘डिस्कोर्स’ या चर्चास्थळांच्या प्रणालीत त्याची चांगली तजवीज केलेली आढळते. तेथील मूळ नेमणुकीप्रमाणे नव्या सदस्याला एका लेखनात मोजकेच दुवे देता येतात. पाच धागे उघडून, तीस लेखनखंड वाचून आणि एकूण दहा मिनिटे वाचनात घालवून झाली, की ही बंदी आपोआप सैल होते. अट क्षुल्लक दिसते, पण ती नेमकी मर्मावर बोट ठेवते: जो वाचण्यासाठी आला आहे त्याला ती जाणवतही नाही, आणि जो केवळ पेरण्यासाठी आला आहे त्याचा धंदा वेळ द्यावा लागल्याने तोट्यात जातो.

1996 पासून चालू असलेल्या ‘मायबोली’सारख्या स्थळांवर, तसेच ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ यांच्यावर मराठीतील पाककृती, प्रवासवर्णने, व्याकरणाचे वाद आणि आजारपणातील अनुभव यांचे असे दप्तर जमले आहे, की जे छापील ग्रंथांत सापडणार नाही. देवनागरी मजकुराच्या मध्ये इंग्रजी जाहिरात पूर्वी लगेच डोळ्यांत भरत असे, हे आपल्या लिपीचे नकळत लाभलेले संरक्षण होते. यंत्राकडून बऱ्यापैकी मराठी लिहून घेणे आता कोणालाही शक्य झाल्यामुळे ते उरलेले नाही, आणि म्हणूनच चालकांनी आपले नियम आताच पाहून घ्यावेत. नव्या सदस्याचे पहिले काही प्रतिसाद, त्यांत दुवा असल्यास, तपासणीसाठी तहकूब ठेवावेत. जुन्या प्रतिसादाचे संपादन ठरावीक मुदतीनंतर बंद करावे. ओळखपानावरील दुवा नवागताला देऊ नये. मात्र जुने धागे सरसकट कुलूपबंद करण्याचा सोपा मार्ग पत्करू नये, कारण दहा वर्षांनी येऊन ‘मी हे करून पाहिले, गुण आला’ असे सांगणारा एक खरा वाचक त्या दप्तराला जिवंत ठेवतो. आणि कोणाचे लेखन अडवले तर कारण त्याला कळवावे. एखाद्या ग्रामीण शिक्षकाने आपल्या शाळेच्या उपक्रमाचा दुवा भाबडेपणाने दिला आणि तो निमूटपणे पुसला गेला, तर तो मनुष्य पुन्हा फिरकणार नाही.

वाचकांनाही माझी एक विनंती आहे. असा प्रतिसाद दिसल्यास त्याला उत्तर देऊन धागा वर आणू नका, दुवा कुतूहल म्हणूनही उघडू नका. चालकांना कळवा आणि पुढे जा. आणि आपण स्वतः दुवा द्याल तेव्हा तो उघडा टाकू नका. त्या पानावर काय आहे आणि ते वाचण्याजोगे का वाटले, हे आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहा, म्हणजे तो ठेवावा की काढावा हे ठरवणे चालकांना सोपे जाईल.