कृपा, विश्वास आणि आशा : मराठी ख्रिस्ती परिभाषेतील तारणविचार

प्रस्तावना :

ख्रिस्ती धर्मविचारात ‘तारण’ ही मध्यवर्ती संकल्पना आहे. मनुष्याचे तारण देवाच्या कृपेने होते, ते विश्वासाने स्वीकारले जाते आणि त्यातून आशा उत्पन्न होते, असा या विचाराचा थोडक्यात क्रम सांगता येईल. कृपा, विश्वास, तारण व आशा हे चारही शब्द मराठी भाषकाला परिचित आहेत. परंतु परिचित शब्दांमुळेच अनेकदा मूळ संकल्पनेविषयी गैरसमज होतो. मराठी बायबलने हे शब्द कोठून घेतले आणि त्यांत कोणता अर्थ भरला, हे पाहिल्याशिवाय ख्रिस्ती तारणविचाराचे नेमके स्वरूप ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात आंजर्ले व दापोली परिसराचा संदर्भ घेऊन या परिभाषेचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कोकण किनारा आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय :

मराठीतून ख्रिस्ती विचार मांडण्याची परंपरा चार शतकांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. ओवी व पुराण या देशी प्रकारांचा आधार घेताना त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे शब्दही स्वीकारले. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी गद्य भाषांतराचा मार्ग धरला. अमेरिकन मराठी मिशनने नवा करार १८२६ साली मराठीत आणला, तर संपूर्ण बायबल १८४७ साली मराठीत उपलब्ध झाले.

या इतिहासात आंजर्ल्याच्या शेजारच्या किनाऱ्याला स्थान आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ साली बाणकोट येथे कार्य सुरू केले व पुढे ते हर्णैपर्यंत वाढविले. १८२९ साली मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीचे आरंभीचे शिक्षण याच बाणकोट-हर्णै परिसरात घेतले. मराठी ख्रिस्ती कवितेला स्वतःचा सूर देणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्मही रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला.

‘तारण’ शब्दाचे दोन अर्थ :

‘तारण’ हा शब्द ‘तृ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे या धातूपासून आला आहे. कोकणात खाडी ओलांडण्याच्या होडीला ‘तर’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातील होय. जोग नदीच्या खाडीवर पूल होण्यापूर्वी हर्णैच्या बाजूने आंजर्ल्यास येणाऱ्याला होडीचाच आधार होता. पोहता न येणारा प्रवासी स्वतःच्या बळावर पैलतीरी जात नाही, दुसरा कोणी त्याला नेतो. तारण या शब्दातील ही पहिली छटा होय.

दुसरी छटा व्यवहारातील आहे. कर्ज काढताना सावकाराकडे किंवा बँकेकडे ठेवलेल्या हमीच्या वस्तूलाही मराठीत ‘तारण’ म्हणतात. हा केवळ शब्दांचा योगायोग मानला, तरी मराठी बायबलची एकूण परिभाषा पाहता तो अर्थपूर्ण ठरतो. देव व मनुष्य यांच्या नात्याला ‘करार’ म्हटले आहे. इब्री लोकांस पत्रात येशूला नव्या कराराचा ‘जामीन’ म्हटले आहे. मार्ककृत शुभवर्तमानात त्याने आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिल्याचे सांगितले आहे. आज वृत्तपत्रांमुळे खंडणी म्हणजे धमकावून उकळलेला पैसा असा अर्थ रूढ झाला असला, तरी येथे तो बंदिवानाच्या सुटकेसाठी भरलेल्या मोबदल्याचा आहे. विश्वासणाऱ्याला देवाचा ‘दत्तक’ पुत्र म्हटले आहे. त्याला मिळणारा वारसा म्हणजे ‘वतन’ आणि पवित्र आत्मा म्हणजे त्या वतनाचा ‘विसार’ होय.

करार, जामीन, खंडणी, दत्तक, वतन, विसार हे सारे शब्द कचेरीतील, दस्तऐवजातील व सावकाराच्या पेढीवरील आहेत. कृपा म्हणजे मोबदल्याविना मिळणारे दान. असे असताना ती सांगण्यासाठी देण्याघेण्याचे शब्द का योजिले, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर या शब्दांच्या मांडणीत आहे. कर्ज मनुष्याचे, पण जामीन दुसरा. खंडणी भरणारा दुसरा. दत्तक घेण्याची इच्छा बापाची, मुलाची पात्रता नव्हे. व्यवहार खराच आहे, परंतु त्याची किंमत ऋणकोने मोजलेली नाही. ख्रिस्ती अर्थाने कृपा ती हीच.

कृपा आणि नवस :

आंजर्ल्याच्या कड्यावरचा गणपती नवसाला पावणारा म्हणून प्रसिद्ध आहे. ‘नवस बोलणे’ व ‘नवस फेडणे’ हे वाक्प्रयोग लक्षणीय आहेत. फेडणे हे क्रियापद कर्जाशी निगडित आहे. इच्छा पूर्ण झाली म्हणजे भक्त ऋणी होतो व बोललेली वस्तू अर्पून तो उतराई होतो. ही वृत्ती कोणत्याही एका धर्मापुरती मर्यादित नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत ख्रिस्ती व ख्रिस्तेतर भाविक मेणाचे हात, पाय, घरे वाहतात. संकटातील मनुष्याचे ते प्रामाणिक बोलणे आहे. त्याला केवळ सौदा म्हणून हिणवणे योग्य ठरणार नाही.

तथापि पौलाने मांडलेली कृपेची संकल्पना याहून निराळी आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो मजुराचे उदाहरण देतो. काम करणाऱ्याला मिळणारी मजुरी ही कृपा नसून त्याचे येणे असते. तारण हे येणे नाही. इफिसकरांस पत्रात तर ते कर्मांनी मिळालेले नसून देवाचे दान आहे व म्हणून त्याविषयी कोणालाही फुशारकी मारता येत नाही, असा निष्कर्ष तो काढतो. त्याच ठिकाणी तो सत्कर्मांचा उल्लेख करतो, हेही विसरता कामा नये. सत्कर्म हे तारणाचे मूल्य नव्हे, तारणाचे फळ होय.

कृपा व कर्म यांच्या संबंधावरूनच १५१७ नंतर युरोपातील मंडळी दुभंगली. हा वाद मिटविण्यास फार काळ लागला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक मंडळी व लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या आणि मनुष्याचा स्वीकार त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने होतो, यावर मूलभूत सहमती व्यक्त केली.

मराठी मनाला कृपेचा हा विचार सर्वस्वी परका नाही. वारकरी संतांनीही देवाच्या अहेतुक करुणेचा पुरस्कार केला. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका होती आणि म्हणूनच त्यांनी अभंग हा प्रकार आपल्या भक्तीसाठी निवडला. भेद आहे तो अधिष्ठानाचा. ख्रिस्ती विचार कृपेला येशूचा वधस्तंभ व पुनरुत्थान या घटनांशी बांधतो.

विश्वास : मान्यता नव्हे, भरवसा :

मूळ ग्रीक ‘पिस्टिस’ या शब्दासाठी मराठीत श्रद्धा, भाव असे पर्याय उपलब्ध होते. रूढ झाला तो ‘विश्वास’. हा शब्द माणसामाणसांतील व्यवहारातला आहे. नावाड्यावर विश्वास ठेवणे म्हणजे होडी तरते हे तत्त्व मान्य करणे नव्हे, तर होडीत पाऊल टाकणे होय. याकोबाचे पत्र कृतीविना विश्वास निर्जीव आहे असे सांगते, ते याच अर्थाने. विश्वास ही कृपेची किंमतही नव्हे. तो केवळ दान घेण्यासाठी पुढे केलेला हात आहे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा भेद स्पष्ट दिसतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी नमूद केले की, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही काही वर्षे आपल्याला ख्रिस्त स्वतः गवसला नव्हता. धर्माची तत्त्वे पटणे आणि तारणाचा भरवसा वाटणे या दोन गोष्टींत त्यांच्या बाबतीत सुमारे आठ वर्षांचे अंतर पडले.

तारणाचे आशीर्वाद :

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी पौलाने तारणाचे आशीर्वाद क्रमाने मांडले आहेत. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. नीतिमान ठरणे : हा न्यायालयीन शब्द आहे. दोषी असलेल्याला न्यायाधीश निर्दोष म्हणून स्वीकारतो.

२. शांती : देवाशी असलेले वैर संपून समेट होतो. ही केवळ मनाची प्रसन्नता नसून नात्याची पुनर्स्थापना आहे.

३. प्रवेश : कृपेच्या आश्रयात येण्याचा हक्क मिळतो. देवळाच्या पायरीवरच थांबावे लागणाऱ्यांच्या समाजात या शब्दाला वेगळेच वजन प्राप्त होते.

४. गौरवाची आशा : देवाने जे पूर्ण करण्याचे योजिले आहे, त्यात सहभागी होण्याची खात्री.

५. संकटातील धीर : संकटातून धीर, धीरातून कसाला लागलेले शील व शीलातून पुन्हा आशा, अशी साखळी येथे आहे. तारण झालेल्यास दुःख होणार नाही, असे वचन पौल देत नाही.

आशा : पाश की नांगर? :

चारही शब्दांत भाषांतरकारांपुढील सर्वांत अवघड शब्द ‘आशा’ हा होता. भारतीय वैराग्यपर वाङ्मयात आशा ही तृष्णेची बहीण मानली आहे. ती मनुष्याला बांधते व फिरविते, म्हणून ती टाकावी असा उपदेश आढळतो. नव्या करारात मात्र विश्वास, आशा व प्रीती या टिकणाऱ्या तीन गोष्टी म्हटल्या आहेत. एका परंपरेत सोडावयाची गोष्ट दुसऱ्या परंपरेत धरावयाची ठरते.

या विरोधाचा परिहार आशेच्या विषयात आहे. वैराग्यपर वाङ्मय ज्या आशेचा निषेध करते, ती ‘मला मिळावे’ अशी हाव होय. ख्रिस्ती आशा वचन देणाऱ्यावर टेकलेली असते. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिला ‘जिवंत’ हे विशेषण लावून तिचा संबंध येशूच्या पुनरुत्थानाशी जोडला आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे तिचे लक्ष्य नाही. देहासह पुनरुत्थान व नवी सृष्टी यांकडे तिची दृष्टी आहे.

इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. हर्णै बंदरातील मच्छीमाराला हे रूपक समजावून सांगावे लागणार नाही. नांगर दिसत नाही, पण पाण्याखाली रुतलेला असतो, म्हणूनच होडी जागेवर राहते. नांगर टाकल्याने वादळ थांबत नाही, परंतु होडी वाहून जात नाही. विसार या शब्दाचा भावार्थही असाच आहे. विसार घेतलेल्याच्या हाती मालमत्ता आलेली नसते, तरी उरलेले मिळणार याची खूण त्याच्याजवळ असते. मूळ ग्रीक ‘अर्राबोन’ हा शब्दही सेमिटिक व्यापारी भाषेतून आलेला आहे. ख्रिस्ती आशा अशा रीतीने मिळालेले व मिळावयाचे यांच्या मधल्या काळात जगते.

वतन गमावलेल्यांचे वतन :

‘अक्षय वतन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाला केवळ रूपक वाटला नसेल. ज्या समाजात मान, उत्पन्न व घर वतनाशी जोडलेले होते, त्यात धर्मांतर करणाऱ्याला या सर्वांस मुकण्याचे भय होते. जात किंवा धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये, यासाठी १८५० साली एकविसावा कायदा करावा लागला. कायद्याने मालमत्तेचा हक्क राखला, तरी पंक्ती, पाणवठा व कुटुंब कायद्याने परत मिळत नव्हते.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. त्या काळातील व्यथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हा विचार त्यांना प्रथम पटला व पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पतीच्या निधनानंतर पुढे नेले.

रमाबाईंनी केडगाव येथे उभारलेल्या संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली तेथे आल्या. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठीच्या विभागाचे नाव ‘कृपासदन’ होते. त्या स्त्रियांजवळ वतन नव्हते, जामीन राहणारा नव्हता, तारण ठेवण्यासारखे काही नव्हते. पात्रता न विचारता दिलेला आसरा हा ‘कृपा’ शब्दाचा सर्वांत सोपा अर्थ त्यांना प्रत्यक्षात कळला असावा. दुष्काळातील धर्मांतरांवर अन्नासाठी धर्म बदलल्याची टीका झाली. तिचा विचार अभ्यासकाने टाळू नये. तसेच कृपेपुढे सारे सारखे असे मानणाऱ्या मंडळीतही जातिभेद टिकून राहिला, हेही नाकारता येत नाही. मात्र ही विसंगती कृपेच्या तत्त्वातून आलेली नसून, त्या तत्त्वाच्याच आधारे तिच्यावर बोट ठेवता येते.

निष्कर्ष :

१. मराठी ख्रिस्ती परिभाषेने करार, जामीन, वतन, विसार हे व्यवहारातील शब्द स्वीकारले आणि त्यांतील देणाऱ्या-घेणाऱ्याच्या भूमिका बदलून कृपेचा अर्थ व्यक्त केला.

२. विश्वास म्हणजे मतांची मान्यता नसून भरवसा आहे. तो तारणाचे मूल्य नाही.

३. ख्रिस्ती आशा ही इच्छा किंवा अंदाज नसून मिळालेल्या विसारावर आधारलेली प्रतीक्षा आहे. ती दुःख नाकारत नाही.

४. धर्मांतरितांच्या व निराधारांच्या जीवनात या शब्दांची कसोटी लागली. म्हणून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे अध्यापन करताना धर्मशास्त्रीय अर्थाबरोबर या शब्दांचा सामाजिक इतिहासही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. वतन म्हणजे काय हे माहीत नसलेल्या पिढीला अक्षय वतनाचे मोल केवळ शब्दकोशातून कळणार नाही.