प्रिंटरला जागा कोठें द्यावी?

पूर्वीं सुशिक्षित घरांत लिहिण्याचें मेज बहुधा एकच असे, व तें पुरतही असे. हल्लीं मेज तेंच आहे. पण त्यावर प्रिंटरनें आपलें बिऱ्हाड मांडलें आहे. मुलांचे शाळेचे प्रकल्प, वडीलधाऱ्यांचे अर्ज, सणावाराचीं निमंत्रणें, सर्वांना तो हवा. मात्र त्यानें अडविलेल्या जागेचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

सोलापुरांत उत्तर कसब्यांतील आमच्या घरीं हा हिशेब आम्हांस फार उशिरां कळला. आमच्या सूनबाई महाविद्यालयांत शिकवितात. रात्रीं मागचें आवरल्यावर माजघरांत पाट मांडीवर घेऊन उत्तरपत्रिका तपासतांना आम्हीं त्यांस वर्षानुवर्षें पाहिलें. ती त्यांची आवडच असावी, असें आम्ही समजत होतों. एके दिवशीं नातवानें विचारलें, "आईला मेज कां नाहीं?" आम्ही निरुत्तर झालों.

दुसऱ्याच दिवशीं मेजावर ठेवावयाची एक छोटी घडवंची आणली. प्रिंटर वर चढला, खालीं कोऱ्या कागदांची सोय झाली; पण लिहिण्याची जागा वीतभरही वाढली नाहीं. मेज मोकळें करावयाचें, तर प्रिंटर मेजावरून उतरून शेजारच्या स्टँडवर गेला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती.

माप घेतांनाही माणूस फसतो. दुकानांत प्रिंटर मिटलेला असतो. शाईच्या टाकीचा लहान घरगुती प्रिंटर पुढून मागें सुमारें ३५ सेंटिमीटर भरतो. कागदाचे ट्रे उघडले, कीं तोच ५८ सेंटिमीटरच्या आसपास जातो. ६० सेंटिमीटर रुंदीच्या मेजावर मग उरलें काय? यास्तव यंत्र पूर्ण उघडून मापावें, त्या मापाचें वर्तमानपत्र कापून जमिनीवर अंथरावें व एक दिवस त्याच्या अवतीभवतीं वावरून पाहावें. कपाटाचें दार उघडतें कीं नाहीं, केरसुणी फिरते कीं नाहीं, तें आपोआप कळतें. स्कॅनरचें झाकण वर उघडतें. म्हणून बंद फडताळांत यंत्र कोंबूं नये.

स्टँड सपाट व स्थिर असावा. छापतांना आंतील शाईचा भाग डावी-उजवीकडे धांवतो व हलका स्टँड डुलूं लागतो. त्यावर उपाय घरांतच आहे. ८० ग्रॅमी ए-फोर कागदाचें ५०० पानांचें पुडकें अडीच किलोंचें असतें. तशीं दोन पुडकीं खालच्या फळीवर ठेवलीं, कीं बूड जड होतें. चाकें असल्यास त्यांना अडसर हवाच.

आमच्या गांवचें ऊन व धूळ यांचाही विचार करावा. यंत्र खिडकीच्या उन्हांत नसावें आणि निवाल्यावर त्यावर घट्ट विणीचें पातळ कापड घालावें. सोलापुरी चादर कितीही आपली असली, तरी तिचे तंतु यंत्रांत जाऊं देऊं नयेत.

अखेर सुताराकडून जुन्या सागवानी फळ्यांचा दोन कप्प्यांचा स्टँड करून घेतला. तो मेजाशेजारीं उभा राहिला, त्या रात्रीं सूनबाई उत्तरपत्रिका घेऊन मेजाशीं बसल्या. पाट पुन्हां स्वयंपाकघरांत गेला.

नवी वस्तु घरांत आणतांना तिची किंमत आपण विचारतोंच. तिनें कोणाची जागा घेतली, हेंही विचारीत जावें.