यकृताच्या अदृश्य सीमा

श्वासपटलाखाली, मुख्यतः उजव्या बाजूस वसलेल्या यकृताचे वजन प्रौढ माणसात साधारण दीड किलो भरते. समोरून पाहिल्यास विळ्याच्या आकाराच्या एका पातळ बंधामुळे त्याचे मोठा उजवा आणि लहान डावा असे दोन खंड दिसतात, खालच्या बाजूस आणखी दोन छोटे खंड आढळतात, आणि शरीररचनेची जुनी पुस्तके या चारांवरच समाधान मानत. शस्त्रक्रियेसाठी मात्र ही विभागणी फारशी कामाची नाही.

हाँगकाँगमध्ये शवविच्छेदन करताना जेम्स कँटली या स्कॉटिश शल्यविशारदास उजवी बाजू आक्रसलेले आणि डावी बाजू वाढलेले यकृत आढळले. पण या दोहोंमधली सीमा बंधापाशी नव्हती, तर पित्ताशयाच्या खाचेपासून मागील अधोमहानीलेपर्यंत, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत, जात होती. १८९७ मध्ये त्यांनी मांडलेली ही रेषा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रियेत उजवीकडचा रक्तपुरवठा चिमट्याने रोखला की तेवढाच भाग काळवंडतो आणि एरवी न दिसणारी ही सीमा पृष्ठभागावर उमटते.

१९५७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद क्लोद क्विनो यांनी रक्तपुरवठ्यानुसार विभागणीच्या याच तत्त्वावर आठ विभाग मांडले. आतड्यांकडून रक्त आणणारी प्रवेशिका नीला (पोर्टल व्हेन), यकृताची रोहिणी आणि पित्तनलिका या तिघींच्या शाखा एकत्रच प्रत्येक विभागाच्या गाभ्यात शिरतात, तर रक्त बाहेर नेणाऱ्या तीन यकृत नीला विभागांच्या सीमांवरून वाहतात. त्यामुळे एखादा विभाग काढला तरी शेजारच्याचा रक्तपुरवठा आणि पित्ताची वाट शाबूत ठेवता येते. यकृत प्रत्यारोपणात म्हणूनच जिवंत दात्याकडून लहान मुलाला बहुधा दुसरा आणि तिसरा विभाग दिला जातो. प्रौढासाठी अनेकदा पाच ते आठ या विभागांचा उजवा भाग लागतो. उरलेले यकृत आकारमानाने वाढते, मात्र कापलेले विभाग पुन्हा उगवत नाहीत.

अधोमहानीलेला बिलगलेला पहिला विभाग या सगळ्यात वेगळा पडतो. त्याला रक्त दोन्ही बाजूंकडून मिळते आणि ते छोट्या शिरांवाटे थेट त्या महानीलेत जाते. म्हणूनच यकृत नीला तुंबणाऱ्या बड-कियारी विकारात बाकीचे यकृत रक्त साचून खराब होत असताना हा विभाग पुष्कळदा तगतो, इतकेच नव्हे तर फुगून मोठाही होतो.