हत्तीची टूथपेस्ट : रीलमध्ये फेस छतापर्यंत, मग आपल्या वर्गात एवढासाच का?

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूब शॉर्ट्सवर हा प्रयोग तुम्ही पाहिला असेलच. निमुळत्या बाटलीत काहीतरी ओततात आणि क्षणात जाडजूड फेस उसळून बाहेर येतो. नाव ‘हत्तीची टूथपेस्ट’. पण गुहागरच्या एखाद्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणून तोच प्रयोग केला, तर फेस बाटलीच्या तोंडातून निवांत ओघळतो. त्यात चुकलेलं काही नसतं. फरक असतो बाटलीवरच्या आकड्यात.

आधी फेसाचं बघू. पावसाळ्यात गुहागरच्या किनाऱ्यावर पांढरट-पिवळसर फेसाचे पुंजके वाळूवर येऊन पडतात. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचे, शेवाळाचे कुजलेले अंश पाण्यात मिसळलेले असतात. लाटा त्यात हवा घुसळतात आणि बुडबुडे लगेच न फुटता टिकतात. प्रयोगात बुडबुडे टिकवण्याचं हेच काम भांड्यांचं लिक्विड करतं. फक्त इथे वायू बाहेरून येत नाही, बाटलीतच तयार होतो.

तो येतो हायड्रोजन पेरॉक्साइडमधून. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्तीचा, असं समजा. लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये ते शोधलं. ते आपलं आपणच हळूहळू फुटून पाणी आणि ऑक्सिजन होत असतं. उजेडात जरा जास्तच, म्हणून बाटली तपकिरी. यीस्टमधलं कॅटालेझ नावाचं विकर हे काम प्रचंड वेगाने करतं, स्वतः मात्र खर्ची पडत नाही. दहावीच्या पुस्तकातला ‘उत्प्रेरक’ तो हाच.

आता तो आकडा. मेडिकलच्या बाटलीवर बहुतेक वेळा ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ६ टक्के. अर्थ सरळ आहे : १ मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन. १०० मिली घेतलं तर जास्तीत जास्त २ लिटर. रीलवाले बऱ्याचदा ३० टक्क्यांचं, म्हणजे सुमारे १०० व्हॉल्यूमचं द्रावण वापरतात. तेवढ्याच १०० मिलीतून १० लिटर वायू!

पण वायूबरोबर उष्णताही तेवढीच वाढते, आणि रीलमध्ये नेमकं हेच सांगत नाहीत. ६ टक्क्यांचं सगळं द्रावण फुटलं तर तापमान हिशोबाने सुमारे ४० अंशांनी वाढू शकतं. ३० टक्क्यांत मात्र पाणी उकळून वाफ होण्याइतकी उष्णता असते. शिवाय ते द्रावण अंगावर उडालं तर कातडी पांढरी पडून भाजते, डोळ्यात गेलं तर नजरेवर बेतू शकतं. त्यामुळे ‘दादा, जरा स्ट्राँगवालं मिळेल का?’ असं दुकानात विचारायला जाऊ नका.

वर्गात शिक्षकांसमोर, गॉगल आणि हातमोजे घालून करा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० मिली ६ टक्क्यांचं द्रावण आणि चमचाभर लिक्विड घाला, बाटली परातीत ठेवा. चमचाभर यीस्ट कोमट पाण्यात कालवून पाच मिनिटांनी ओता आणि मागे सरका. झाकण कधीही लावायचं नाही, आत दाब वाढून बाटली फुटू शकते. फेसाजवळ धुमसती अगरबत्ती नेली की ती लखलखते, बुडबुड्यांत ऑक्सिजन असल्याचा हा पुरावा. उरलेलं द्रावण मूळ बाटलीतच ठेवा. पाण्याच्या बाटलीत ओतलं तर कुणीतरी चुकून पिईल.

यीस्ट मिळालं नाही? कच्चा बटाटा किसून टाका, त्यातही कॅटालेझ असतं. फेस थोडा कमी येईल. मग उकडलेला बटाटा टाकून बघा : जवळजवळ काहीच होत नाही, कारण उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं. मला विचाराल तर प्रदर्शनात मांडायला ही जोडी नुसत्या रंगीत फेसापेक्षा भारी आहे.

शूट करताना मोबाइल स्टँडवर, हातभर लांब ठेवा. स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो निवडा, नेहमीच्या ३० फ्रेमच्या आठपट संथ दिसेल. रेकॉर्डिंग यीस्ट ओतायच्या आधीच सुरू करा.